काळजी करणे आणि काळजी घेणे



आपल्या मराठीत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मुलगा परदेशी निघाला की आई दारात म्हणते, ‘‘काळजी घे रे बाळा.’’ आणि मुलगा आईला म्हणतो, ‘‘तू काळजी करू नकोस.’’ शब्द तोच आहे. पण ‘घेणे’च्या जागी ‘करणे’ आले की अर्थ पालटतो. काळजी घेणाऱ्याचे हात कामात असतात. काळजी करणाऱ्याचे हात रिकामे असतात आणि मन मात्र रात्रभर राबत असते.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना चिंता सोडण्यास सांगितले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील आकाशातली पाखरे आणि रानातली फुले आपल्या परिचयाची आहेत. परंतु प्रभूने नेमके काय सोडायला सांगितले आणि काय सोडायला सांगितले नाही, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो न केल्यामुळे आपल्यात दोन प्रकारचे गैरसमज दिसतात. काहीजण आपल्या चिंतेला पाप समजतात. मनात धाकधूक झाली की ‘माझी श्रद्धाच कच्ची आहे’ असे म्हणून ते स्वतःला दोष देतात. म्हणजे आधीच असलेल्या ओझ्यावर आणखी एक ओझे. दुसरे काहीजण ‘देव बघून घेईल’ असे म्हणतात आणि डॉक्टरांकडे जायचे टाळतात, बँकेची पत्रे न उघडता कपाटात ठेवतात, मुलाशी बोलायचे ते बोलत नाहीत. एकाला वाटते श्रद्धा म्हणजे काही न वाटणे. दुसऱ्याला वाटते श्रद्धा म्हणजे काही न करणे. शुभवर्तमानात या दोहोंपैकी एकही नाही.

घरे आशीर्वादित करायला किंवा आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही धर्मगुरू आपल्या घरी येतो, तेव्हा या चिंता आम्हाला ओट्यावरच भेटतात. दहावी-बारावीचा निकाल, आखातातल्या नोकरीचा करार, कॅनडाला पाठवलेल्या मुलीचे शिक्षणाचे कर्ज, फ्लॅटचा हप्ता, बायोप्सीचा रिपोर्ट, तिशी उलटूनही न जुळलेले लग्न. वडिलोपार्जित वाडी ठेवावी की विकावी यावरून भावाभावांत धरलेला अबोला. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. तेव्हापासून चार तास सलग पाऊस पडला की घरातले सामान उचलून वर ठेवावे का, असे अनेकांच्या मनात येते. या चिंता खोट्या नाहीत. म्हणून त्यांना ‘प्रार्थना करा, सगळे ठीक होईल’ असे एका वाक्याचे उत्तर देणे आम्हाला योग्य वाटत नाही.

चिंता वाटणे हे पाप आहे का?

पहिल्या गैरसमजाचे उत्तर गेथशेमाने बागेत आहे. दुःखसहनाच्या आदल्या रात्री प्रभू येशू तेथे आला तेव्हा तो व्याकूळ झाला, अत्यंत खिन्न झाला, असे मार्क लिहितो. लूक सांगतो, की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. ज्याने पाखरांचे आणि फुलांचे उदाहरण दिले तोच हा येशू. त्याच्या ठायी पाप नव्हते, ही आपली श्रद्धा आहे. मग उद्या काय होणार या विचाराने छाती धडधडणे, तळहाताला घाम सुटणे, झोप न येणे हे पाप कसे असेल? कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाची (१९९२) शिकवणही हीच आहे, की भावना स्वतः चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. भावना आल्यावर आपली बुद्धी आणि इच्छा कोणत्या वाटेने जाते, तेथून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

डेन्मार्कचा ख्रिस्ती विचारवंत सोरेन किर्केगार्ड याने १८४४ साली चिंता याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याने चिंतेला चक्कर येण्याची उपमा दिली आहे. वसईच्या किल्ल्याच्या तटावर कडेला उभे राहून खाली पाहिले की डोके गरगरते. खाली खोली आहे म्हणून गरगरते. पण पुढे पाऊल टाकायचे की मागे घ्यायचे हे आपल्या हाती आहे म्हणूनही गरगरते. गाई-गुरांना घाबरायला होते, पण पुढच्या वर्षीच्या हप्त्याची चिंता त्यांना नसते. उद्याचा विचार करण्याची, निवड करण्याची मोकळीक देवाने मनुष्याला दिली. त्या मोकळिकीची सावली म्हणजे चिंता. म्हणून जिला चिंता वाटते ती व्यक्ती देवापासून दूर गेली आहे असे कोणी समजू नये. तिला माणसाचे मन आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

येशूने त्या बागेत काय केले, हेही नीट पाहू. त्याने भीती लपवली नाही. त्याने तिघा मित्रांना जवळ थांबायला सांगितले. त्याने पित्याला आपली इच्छा स्पष्ट सांगितली, की हा प्याला टळावा. आणि मग आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. मत्तय लिहितो, की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले. घाबरलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण जपमाळेचे तेच ते शब्द म्हणतो तेव्हा ‘माझे लक्ष लागत नाही, अशी प्रार्थना काय कामाची’ असे वाटून घेऊ नये. प्रभूनेही त्या रात्री अशीच प्रार्थना केली. प्याला टळला नाही. परंतु प्रार्थनेच्या शेवटी तो उठला आणि सामोरा गेला.

एकाच पत्रातील दोन वचने

आता दुसरा गैरसमज. संत पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो तुरुंगात होता. पुढे सुटका होईल की मृत्युदंड, हे त्याला ठाऊक नव्हते. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो, की कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या आभारप्रदर्शनासह देवापुढे मांडाव्यात. हे वचन आपल्या अनेक घरांत भिंतीवर लावलेले असते. परंतु त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याची, तीमथ्याची, स्तुती करतो. का? तर फिलिप्पैतील लोकांची मनापासून काळजी घेणारा त्याच्यासारखा दुसरा कोणी आपल्यापाशी नाही म्हणून.

मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. डोंगरावरील प्रवचनात जे सोडायला सांगितले तेही तेच क्रियापद. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ख्रिस्तशरीराच्या अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी घ्यावी असे पौल सांगतो, तेथेही तेच. आणि दुसऱ्या पत्रात तो आपल्या हालअपेष्टांची यादी देतो, फटके, जहाज फुटणे, उपासमार, आणि शेवटी म्हणतो, की याशिवाय सर्व मंडळ्यांच्या काळजीचा भार रोज माझ्यावर असतो. म्हणजे काळजी करू नये असे लिहिणारा माणूस रोज काळजी वाहत होता!

ही विसंगती आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. ग्रीक भाषेची अडचण आपल्या मराठीने सोडवून ठेवली आहे. पौल ज्याला मनाई करतो ते ‘काळजी करणे’. तीमथ्याकडे ज्याचे कौतुक करतो ते ‘काळजी घेणे’. पहिले माणसाला स्वतःभोवती फिरवत ठेवते. दुसरे त्याला उठवून दुसऱ्याच्या दारात नेते. मूळ शक्ती एकच आहे, प्रेमाची. ज्याच्यावर आपले प्रेम नाही त्याची आपल्याला चिंताही वाटत नाही. चिंता म्हणजे बहुधा वाट न सापडलेले प्रेम असते. तेव्हा ती मारून टाकणे हा उपाय नव्हे. तिला वाट दाखवली पाहिजे.

उद्याची तयारी आणि उद्याची चिंता

मग भविष्याची तजवीज करायची की नाही? विमा, बचत, मुलांचे शिक्षण यांचा विचार करणे म्हणजे अविश्वास का? निर्गमच्या पुस्तकात मान्नाची गोष्ट आहे. इस्राएली लोकांना रानात रोज सकाळी त्या दिवसापुरते अन्न मिळे. काहींनी भीतीपोटी उद्यासाठी लपवून ठेवले. त्यात किडे पडले. एवढे आपल्याला आठवते. परंतु पुढचा भाग आपण विसरतो. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्यास देवानेच सांगितले होते आणि ते मात्र नासले नाही. दोन्ही वेळा उद्यासाठीच साठवले होते. एकदा देवावर विश्वास नव्हता म्हणून, एकदा देवाचा शब्द पाळायचा म्हणून. नासले ते अविश्वासाने साठवलेले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न आपल्या महाग्रंथात बारकाईने हाताळला. त्यांनी म्हटले, की ऐहिक गोष्टींची काळजी तीन प्रकारे चुकीची होते. पैसा-अडका हेच जीवनाचे अंतिम ध्येय मानले तर. त्यासाठी इतकी धावपळ केली की आत्म्याच्या गोष्टींना वेळच उरला नाही तर. आणि आपले कर्तव्य केले तर आपल्याला उपाशी मरावे लागेल अशी भीती बाळगली तर. तिसरा प्रकार आजही ओळखीचा आहे. खरे बिल दिले तर धंदा बुडेल, आईवडिलांना घरात ठेवले तर आमचे कसे होईल, बहिणीला तिचा वाटा दिला तर मुलांना काय उरेल. येथे चिंता माणसाला अन्यायाकडे ढकलते. चिंता वाटणे पाप नाही, पण चिंतेच्या नावाखाली दुसऱ्याचे हिरावून घेणे पाप आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

भविष्याबद्दल थॉमस यांचे म्हणणे साधे आहे: प्रत्येक हंगामाची स्वतःची काळजी असते. कापणीची काळजी उन्हाळ्यात, द्राक्षांची शरदात. उन्हाळ्यातच द्राक्षांची काळजी करू लागलो तर ती अवेळी होते. आपल्या शेतकऱ्यांना आणि कोळी बांधवांना हे वेगळे शिकवायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळी माणूस समुद्राकडे बघत केवळ उसासे टाकत बसत नाही. जाळी विणतो, होडी दुरुस्त करतो, रंग देतो. मासळी किती मिळेल हे त्याच्या हाती नाही. फाटके जाळे शिवणे त्याच्या हाती आहे. ही झाली काळजी घेणे. प्रभूनेसुद्धा आजचे दुःख आजच्याला पुरे असे सांगितले, तेव्हा आज दुःख नाही असे तो म्हणाला नाही. एका दिवसाच्या माणसाने एका दिवसाचे ओझे उचलावे, एवढेच त्याने सांगितले. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकरही आजचीच मागतो.

चिमणी पडते तेव्हा

येथे एक कठीण प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवावर भार टाकला आणि तरीही वाईटच घडले तर? नोव्हेना पूर्ण झाली आणि रिपोर्ट वाईट आला तर?

मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू चिमण्यांबद्दल बोलतो. पित्याच्या नकळत त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. नीट ऐकले तर लक्षात येईल, की चिमणी पडत नाही असे आश्वासन त्यात नाही. ती पडते. पण एकटी पडत नाही. ख्रिस्ती श्रद्धा ही संकटाविरुद्धची विमा पॉलिसी नव्हे. आपल्याला दिलेला शब्द आहे तो सोबतीचा: रुग्णालयाच्या बाकावर, न्यायालयाच्या पायरीवर आणि शेवटी मरणाच्या दारातही. ज्याचा स्वतःचा पुत्र क्रुसावरून सुटला नाही, तो पिता आपल्याला स्वस्त आश्वासने देत नाही. मात्र क्रूस हा शेवट नव्हता, हे आपण प्रत्येक रविवारी जाहीर करतो. प्रार्थना पुढे दहाजणांना पाठवली तर शुभवार्ता येईल, साखळी तोडली तर अरिष्ट येईल, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांचा या श्रद्धेशी काहीही संबंध नाही. ते चिंता वाढवतात, पुसून टाकावेत.

प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांनी याबाबत मोलाचा विचार दिला आहे. एपिक्टेटस हा एकेकाळचा गुलाम. त्याने शिकवले, की आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हे ओळखावे आणि जे हाती नाही त्यात मन गुंतवू नये. यातला पहिला भाग आपण आनंदाने घ्यावा. दुसऱ्या भागापाशी ख्रिस्ती माणूस थोडा थबकतो. आजारी लेकरू बरे होणे आईच्या हाती नाही, म्हणून तिने मन काढून घ्यावे का? येशू लाजराच्या थडग्यापाशी रडला. आपण मन काढून घेत नाही. जे आपल्या हाती नाही ते कोणाच्या तरी हाती आहे, असे मानून ते तेथे सोपवतो. मन काढून घेणारा शांत होतो, पण त्याचे प्रेम आटते. सोपवणाऱ्याचे प्रेम तसेच राहते आणि त्याला झोपही लागू शकते.

आधी भाकर, मग बोलणे

पहिल्या राजांच्या पुस्तकात एलिया संदेष्ट्याची हकिकत आहे. ईजबेल राणीने जीव घेण्याची धमकी दिली तेव्हा हा थोर माणूस रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाने आपला जीव घ्यावा अशी विनवणी करून झोपी गेला. देवदूत आला. त्याने प्रवचन केले नाही, श्रद्धा कमी आहे म्हणून सुनावले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवले आणि म्हणाला, ऊठ, खा. एलियाने खाल्ले आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवले, पुन्हा खायला दिले. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो त्यानंतर, होरेब पर्वतावर.

देवाने ठरवलेला हा क्रम आपणही पाळावा. मन खचलेल्या माणसाला आधी जेवण, झोप, सोबत द्यावी. उपदेश नंतर. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल, विनाकारण धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेहासाठी गोळी घेताना आपली श्रद्धा कमी होत नाही. मनाच्या आजारासाठी घेतली तर का व्हावी? रात्री झोप लागावी म्हणून बाटली जवळ करणे मात्र औषध नव्हे. दारूने चिंता एक रात्र झोपते आणि सकाळी दुप्पट होऊन उठते. शिवाय ती मग बायकामुलांच्या वाट्याला जाते.

‘लोक काय म्हणतील’ ही भीती अनेकांना अडवते. त्यांनी दोन नावे लक्षात ठेवावीत. बालयेशूची संत तेरेजा हिचे वडील लुई मार्टिन १८८९ साली फ्रान्समधील कान शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल झाले आणि तीनहून अधिक वर्षे तेथे राहिले. त्या काळात कुटुंबाला लोकांची बोलणी ऐकावी लागली. त्याच लुईंना त्यांच्या पत्नी झेली यांच्यासह १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले. ती घोषणा करणारे पोप फ्रान्सिस यांनी स्वतःबद्दलही सांगून ठेवले आहे. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीत, लोकांना लपवून देशाबाहेर पोहोचवण्याची जबाबदारी अंगावर असताना, त्यांनी सहा महिने दर आठवड्याला एका महिला मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आणि आपल्याला चिंतेचा त्रास होत असे, हेही लपवले नाही. पोप महोदयांना लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी?

भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. एलियासारखा जीव नकोसा वाटत असेल, तर एकटे राहू नका. घरच्यांना सांगा, या क्रमांकावर बोला, आमच्याकडे या. धर्मगुरूंच्या निवासाची घंटा वाजवायला वेळेचे बंधन नाही.

आज घरी काय करता येईल?

संत फ्रान्सिस द सेल्स हे १५८६ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिकत असताना, एकोणीस वर्षांचे असताना, एका भयंकर विचाराने पछाडले गेले: आपण नरकातच जाणार, असे देवाने ठरवून ठेवले आहे. सुमारे सहा आठवडे त्यांना अन्न गोड लागेना, झोप लागेना. अखेर एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी ठरवले, की पुढच्या जन्मात देवावर प्रेम करणे मला शक्य नसेल तर निदान या आयुष्यात तरी मी त्याच्यावर प्रेम करीन. ते ओझे उतरले. पुढे काय होईल याची खात्री त्यांना तेव्हाही मिळाली नव्हती. आज काय करायचे ते मात्र सापडले होते. पुढे १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील पुस्तकात त्यांनी चिंतेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जाळ्यात सापडलेले पाखरू जितके फडफडते तितके अधिक गुरफटते, असे ते दाखवून देतात. म्हणून सुटका हवी असेल तर आधी थोडे थांबावे, आणि मनातली गोष्ट आध्यात्मिक मार्गदर्शकाला किंवा विश्वासू मित्राला सांगावी, असा त्यांचा सल्ला आहे.

त्यांच्या सल्ल्याला धरून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, रात्री झोपण्याआधी चिंता कागदावर लिहा. मनात ती ढगासारखी असते, कागदावर तिला कडा येतात. मग तिचे दोन भाग करा: उद्या मी करू शकतो ते एक काम, आणि माझ्या हाती नाही ते सगळे. पहिले उद्याच्या कामांत लिहा. दुसरे प्रार्थनेत मोठ्याने देवाला सांगा. पौलाने सांगितल्याप्रमाणे त्याला एक आभारही जोडा, कितीही लहान असो. दुसरी, ती चिंता एका तरी माणसाला सांगा. पती-पत्नी एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प राहतात आणि एकाच छपराखाली दोघे वेगवेगळे जागे असतात. तिसरी, ज्या दिवशी स्वतःची चिंता फार छळेल त्या दिवशी दुसऱ्या कोणाची तरी काळजी घ्या. शेजारच्या आजीला दवाखान्यात न्या, नुकतेच माणूस गेलेल्या घरी डबा पोहोचवा, परीक्षेला बसलेल्या मुलाची विचारपूस करा, पण गुण विचारू नका.

बरोबर दुसरीही तारवे होती

मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग आपण जाणतो. २७ मार्च २०२० रोजी, करोनाच्या साथीत, पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या रिकाम्या संत पेत्राच्या चौकातून याच प्रसंगावर चिंतन केले होते. त्या वर्षी आपली चर्चही बंद होती आणि आपण घरात बसून मिस्सा पाहत होतो. त्या प्रसंगात येशू तारवाच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि जवळजवळ रागानेच विचारतात, की आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही का? पाहा, त्यांचाही प्रश्न काळजीचाच होता! मार्कच्या वर्णनात येशू आधी वारा थांबवतो आणि मग त्यांच्या भीतीबद्दल विचारतो. त्याने आधी काळजी घेतली, बोलला नंतर.

त्या वर्णनात एक छोटी नोंद आहे, जी वाचताना सहज सुटून जाते. त्याच्याबरोबर दुसरीही तारवे होती, असे मार्क लिहितो. त्यांचे काय झाले हे तो सांगत नाही. पण वारा पडला तेव्हा समुद्र सगळ्यांसाठीच शांत झाला असणार. आपापल्या वादळात आपल्याला स्वतःचेच तारू दिसते. रविवारी मिस्सासाठी आपण एकत्र येतो तेव्हा बाकावर आपल्या उजवीकडे आणि डावीकडे दुसरी तारवे उभी असतात. प्रभूच्या प्रार्थनेनंतर धर्मगुरू, सर्व अस्वस्थतेपासून आम्हाला सुरक्षित ठेव, अशी विनंती करतो. ती एकट्यादुकट्यासाठी नसते, ‘आम्हा’ सर्वांसाठी असते. त्यानंतर लगेच आपण एकमेकांना शांती देतो. या रविवारी शेजाऱ्याकडे पाहून मान लववताना क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहा. मिस्सा संपल्यावर अंगणात त्याला विचारा, ‘‘घरी सगळे बरे आहे ना?’’ आणि उत्तर ऐकायला थांबा.

पिता आपल्या सर्वांची काळजी घेतो. बहुतेक वेळा तो ती आपल्याच हातांनी घेतो. तो आपणा सर्वांना, विशेषतः या आठवड्यात ज्यांना झोप लागली नाही त्यांना, आपली शांती देवो.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू